भामाबाईंची सुई

९ डिसेंबर, मंगळवार

पलंगपोस पुन्हा धुवायला टाकला. राख. चिमण्या सरकारच्या, राख माझ्या दोरीवर. मागे एकदा थर्मलच्या वीजकेंद्रात फोन केला होता, तर तिथला माणूस म्हणाला, "बाई, कुठली राख?" जणू परळीत राखेच्या जाती आहेत.

दुपारी अंगणात खुर्ची टाकली आणि डोळा लागला. साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास, लांब कुठे तरी मालगाडी, अंगावर ऊन. अशा वेळी स्वप्नात जुना वॉर्ड येतो. खाटा पाण्यावर ठेवल्यासारख्या हळूहळू सरकतात आणि मी मधून चालते, पायात आवाज न करणारे बूट. कोणाला काही दुखत नाही. सगळे फक्त माझ्याकडे बघतात. जागी झाले तर मांडीवर शेवग्याची पानं.

रेणुका संध्याकाळी आली. मागच्या खोलीत राहायला येऊन तिला महिना होत आला. पाटोद्याकडच्या वस्तीवरची धनगराची पोर, वडील या दिवसांत मेंढरं घेऊन कुठे असतील ते त्यांनाच माहीत. नर्सिंग करून इथल्या एका खासगी दवाखान्यात लागली. पहिलीच नोकरी. मी जन्मभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होते हे कळल्यापासून 'मावशी, मावशी' करून रोज प्रश्न. आजचा प्रश्न, "मावशी, पेशंटला अहोजाहो करायचं का नुसतं मावशी-काका?" म्हटलं, नावाने हाक मार आणि बाई लाव. मावशी म्हणून सुरुवात केलीस की सांडलेला चहासुद्धा तुलाच पुसायला लावतील.

हसली. हसताना तोंडावर हात धरते. हे मोडायला हवं.


११ डिसेंबर, गुरुवार

रेणू घरी आली ती ओट्यावरच बसली. बूट पायात, पिशवी खांद्याला. दिवा लावला तरी उठेना. चहा दिला, कप हातात धरून बसली, प्यायली नाही. मग एकदम सांगायला लागली. तिच्याच शब्दांत लिहून ठेवते, माझे शब्द घातले तर मीच जास्त रागावेन.

"मावशी, सुनंदाबाई म्हणून पेशंट हाय. पायाला गळू, शुगर हाय तिला. जेवायच्या आधी इन्सुलिनची सुई असती. तिच्यासंगं सासू हाय, भामाबाई. आज खाटंवर सासू झोपली व्हती, डोक्यावरून गोधडी घेऊन. म्या म्हणलं, सुनंदाबाई ना? तर हाव म्हणली. हात बाहेर काढला. म्या दिली सुई."

सून कुठे होती? खाली सतरंजीवर भिंतीशीसुद्धा नाही. व्हरांड्यात, उन्हात, पाय पसरून. राउंड संपला की सून खाली उतरायची आणि सासूला वर झोपवायची. सासू जमिनीवर आणि सून खाटेवर, हे त्यांच्या डोळ्यांना सोसत नाही. डॉक्टर यायच्या वेळी सून पुन्हा वर.

त्यात आज मार्गशीर्षातला गुरुवार. म्हातारी उपाशी.

थोड्या वेळाने सुनंदा लंगडत आली, "सिस्टर, माझी सुई राहिली न्हवं?" तेव्हा रेणूला कळलं. धावली. म्हातारी घामाने भिजलेली, हात थरथरतायत, भलतंच काही बडबडतेय, शेळी सोडा म्हणतेय. रेणूने शुगर बघितली, डॉक्टरांना हाक मारली, काय झालं ते तिथल्या तिथे सांगितलं. ग्लुकोज लावलं. अर्ध्या तासाने म्हातारीने चहा मागितला.

म्हणजे वाचली.

मी विचारलं, नातेवाइकांना काय सांगितलं? रेणू कपाकडे बघत म्हणाली, "डॉक्टर म्हणले, उपासानं चक्कर आली. मला केबिनमधी बोलावलं. म्हणले, तू एक शब्द बोलायचा न्हाई."

चहावर साय धरली होती. मी तो ओतून दिला.


१२ डिसेंबर, शुक्रवार

काल बोलले ते लिहिलं नाही. म्हटलं होतं, "तुला खाटेला औषध द्यायला शिकवलं होतं की माणसाला?" तेवढ्यावर थांबले असते तर बरं. थांबले नाही. हातावर बांगड्या नव्हत्या ते दिसलं नाही का, विधवेचा हात आणि सवाष्णीचा हात एक असतो का, तुझ्या वस्तीवरच्या बाया काय सोन्याच्या पलंगावर वाढल्या की सासूसमोर सून खाटेवर बसत नाही हे तुला माहीत नाही.

ती हळू आवाजात म्हणाली, "बांगड्या सलाइनसाठी काढल्या असत्याल वाटलं."

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत नन सिस्टर सांगायच्या, राग आला की ओठ मिटून मनात एक प्रार्थना म्हणा. मी प्रार्थना भराभर म्हणून टाकायची आणि मग बोलायची. ते अजून तसंच.

सकाळी तिला शांतपणे समजावलं. 'सुनंदाबाई ना' असं विचारायचंच नाही. अंगावर दवाखान्याचा ड्रेस असला की आपल्याकडची बाई कशालाही हो म्हणते. तिला विचार, 'तुमचं नाव काय', आणि गप्प राहा. तिचं नाव तिच्या तोंडून येऊ दे. आणि गोधडी बाजूला कर. थंडी वाजली तर वाजू दे.

"आमच्या दादांला अंधारात मेंढरू वळखू येतं," रेणू वडिलांबद्दल म्हणाली. "मला माणूस वळखू आलं न्हाई."

म्हटलं, मेंढरं डोक्यावरून गोधडी घेऊन झोपत नाहीत.

ड्युटीवर गेली. जाताना दोनदा हात धुतले.


१४ डिसेंबर, रविवार

काल आणि आज रेणूने सुट्टी काढली. झोपते. दार लोटलेलं, आत पंखा बंद, पोर चादरीत गुंडाळलेली. दोनदा जाऊन बघितलं. दुसऱ्यांदा बघताना मला क्षणभर कळेना की मी कुठल्या वर्षात आहे. नाइट करून आलेल्या मुली अशाच झोपायच्या आमच्या होस्टेलला, एकीची वेणी दुसरीच्या उशीवर. खिडकीत लिंबाचं झाड. ते झाड अजून असेल का?

बाहेर धुकं आणि धूर यांचं एकच काहीतरी झालेलं. समोरचं घर दिसत नव्हतं. त्यातून युनूसभाईंची फळांची गाडी आली, आधी आवाज, मग पेरू, मग युनूसभाई. ते रेणूच्या दवाखान्याच्या फाटकाशी उभे राहतात. घरी जाताना उरलेलं मला देतात, खोटा भाव लावून.

दुपारी रेणू उठून अंगणात आली. "मावशी, तुमच्याकडून कधी झाली का चूक?"

हे येणारच होतं. सगळ्यांना म्हाताऱ्या सिस्टरची जुनी चूक ऐकायची असते. ऐकली की बरं वाटतं, झोप लागते. मी म्हटलं, माझ्या चुका माझ्याजवळ राहू देत, तू तुझी सांभाळ. माझ्या गोष्टीने त्या म्हातारीचा घाम कमी होणार आहे का?

ती शेवग्याची पानं वेचत राहिली. मग म्हणाली, "मला सुई धरायची भीती वाटती. सोडून देऊ का? दादांसंगं जाईन मेंढरामागं."

मी पेरू आणायला उठले. काही मुली सोडतात त्या बरंच करतात. काही सोडतात त्यांच्याबरोबर एक चांगली नर्स जाते. कोण कुठली हे त्या वेळी कळत नाही, मला तरी कधी कळलं नाही.

पेरू कापला, तिखट-मीठ लावलं. दोघींनी खाल्ला.


१६ डिसेंबर, मंगळवार

कालपासून गेली कामावर. सुई धरायची भीती अजून आहे म्हणते, पण गेली.

वॉर्डात तिची चेष्टा चालू आहे. प्रत्येकाला नाव विचारते. एक आजोबा म्हणाले, "कालच सांगितलं की गं बाई. रात्रीतून बदलतंय व्हय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम भलतंच नाव सांगितलं, एका सिनेमातल्या नटाचं. सगळा वॉर्ड हसला. रेणू म्हणाली, "मग तुमची गोळी मुंबईला पाठवते." मग खरं नाव आलं.

हे सांगताना ती हसली. तोंडावर हात धरून. असू दे.

सुनंदाची खाट मात्र, म्हणते, सगळ्यात शेवटी करते. सासू रोज तिच्याकडे बघून हसते. "ती हसली की मला रडू येतंय, मावशी."


१७ डिसेंबर, बुधवार

युनूसभाई दारात उभे राहून सांगत होते. "सिस्टर, तुम्हारी वो लडकी बडी नामवाली हो गई. एक बुढ़िया है, फाटक पे आ के सबको बोलती, उस नर्स के हाथ में जादू है. एक सुई दी, घुटने हलके हो गए."

मी म्हटलं, कोण म्हातारी?

"वोइच, जिसकी बहू के पाँव को हुआ है. बोलती, पहले तो मेरेकू चक्कर आया, सब फिर रहा था, फिर ऐसा हलका लगा के शादी के टाइम भी नहीं लगा था."

वर म्हणाले, मेरी अम्मी को भी दिला दो एक.

मी हातातली केळी तशीच परत गाडीवर ठेवली.

रेणू संध्याकाळी आली तर तिच्या रुमालात बोरं. भामाबाईंनी दिलेली. तिचा हात धरून बसवून घेतलं म्हणे, आणि कानाशी लागून, "पोरी, इतकी वर्सं डॉक्टरांम्होरं गुडघं धरून बसते, गोळ्या देतेत नुसत्या. सुई कुणी देत न्हाई, म्हातारीवर कशाला घालवायची. तूच दिली. आजून एक दे. डॉक्टरला सांगू नगं."

म्हणून हात बाहेर काढला होता. म्हणून 'हाव'. तिला वाटलं, अखेर आपलीही पाळी आली.

आपल्याकडे सुई म्हणजे औषध, बाकीचं सगळं पुड्या. गोळी दिलेला डॉक्टर घरी गेल्यावर विसरतात, सुई दिलेला आठवतात. हे मी आयुष्यभर बघितलं आणि आयुष्यभर चिडले. आज चिडता आलं नाही. एक बोर तोंडात टाकलं. बोरं आंबट होती.


१८ डिसेंबर, गुरुवार

सुनंदाला घरी सोडलं. पाय बरा आहे. इन्सुलिन चालू ठेवायचं. बाटली, बारीक सुया. घरी फ्रिज नाही म्हणून छोट्या मडक्यात, भोवती ओलं फडकं, सावलीत, हे रेणूनेच शिकवलं. कुठे टोचायची, किती भरायची, आधी जेवण तयार आहे का बघायचं, मग सुई. सुनंदाला दोनदा करून दाखवायला लावलं. चांगलं शिकवलं असणार, रेणूला आता सुई धरायची भीती वाटत नाही म्हणते.

"पर मावशी, सुनंदाबाईपेक्षा सासूच जास्त बघत व्हती. वाकून वाकून. 'सोपं हाय की' म्हणली."

हे वाक्य बोलली आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

घरात औषध. घरात मडकं. सून दुपारी शेतात किंवा झोपलेली. म्हातारी, गुडघे, आणि तिला ठाऊक असलेली जगातली सगळ्यात चांगली सुई.


१९ डिसेंबर, शुक्रवार

रेणूने सकाळीच त्यांच्या घरी फोन लावला. नंबर नवऱ्याचा, सुनंदाला वेगळा फोन नाही. "सुई फक्त तुमच्या बायकोची हाय, दुसऱ्या कुणाला देऊ नका" म्हणाली. तो म्हणाला, "दुसऱ्याला कावून देऊ? आमी काय येडे हाव का?" आणि ठेवला.

मी ठरवलं, गेलंच पाहिजे. नीट साडी नेसून दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण आहे, भिंतीवर स्वतःचेच फोटो. त्याला सगळं सांगितलं: म्हातारी काय समजतेय, काय करू शकते. त्यानेच तिला खरं सांगायला हवं. त्याने ऐकलं, पेन फिरवत. म्हणाला, "मॅडम, डिस्चार्जच्या वेळी सूचना दिल्यात. आता घरी कोणी काय करेल त्याला आम्ही काय करणार? आणि तुम्ही रिटायर्ड आहात ना, आराम करा की."

बोलले त्याला. काय बोलले ते इथे लिहीत नाही, वही चांगल्या कागदाची आहे. बाहेरच्या बाकावरचे लोक आत बघत होते.

घरी आले तर रेणू ओट्यावर. मी डॉक्टरला बोलले ते तिला आधीच कळलं होतं. मी म्हटलं, चल, आपण गावी जाऊ, तू स्वतः सांग. सुई त्यांची नव्हती, चुकून दिली, औषध विषासारखं आहे. खरं सांगायला घाबरायचं काय?

ती म्हणाली, "तुमाला पेन्शन हाय, मावशी."

आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाली आणि आत गेली.

मी अंधार पडेपर्यंत अंगणात बसले. लिहायला घेतलं ते खोडलं. बरोबर बोलली.


२० डिसेंबर, शनिवार

दुपारच्या झोपेत भामाबाई आल्या. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, तरी ओळखलं. कॉन्व्हेंटच्या लांब व्हरांड्यातून चालत होत्या, अनवाणी, पाय अगदी हलके, जमिनीला लागतायत न लागतायत. प्रत्येक खांबाशी थांबून माझ्याकडे वळून हसायच्या. मला हाक मारायची होती, आवाज निघेना. टोकाला भिंत होती. त्या चालतच राहिल्या.

जागी झाले तर रेणू पायाशी बसलेली. केव्हापासून कोण जाणे.

"उद्या जाऊ," म्हणाली. "पर एक सांगते. तितं तुमी बोलायचं न्हाई. चूक माझी हाय, मी बोलणार. तुमी बोलला की ते तुमच्याकडंच बघतेत."

कबूल केलं. कठीण आहे.


२१ डिसेंबर, रविवार

जाऊन आलो.

फाट्यापर्यंत एसटी, पुढे टमटम. वाटेत उसाचे ट्रक. गाव अर्धं कुलपात. या दिवसांत सगळे ऊसतोडीला गेलेले, घरोघर म्हाताऱ्या आणि लेकरं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, सुनंदाची यंदा तिच्या पायामुळे राहिली. उन्हात ते बंद दरवाजे, त्यांच्यापुढची झाडून स्वच्छ ठेवलेली अंगणं, एक कोंबडी. कोणी तरी गावाला हळू आवाजात बोलायला सांगितल्यासारखं सगळं शांत.

भामाबाई दारात ऊन खात बसल्या होत्या. लहानखुरी बाई. रेणूला बघून उठायला लागल्या, गुडघ्यावर हात ठेवून, तोंडातून आवाज काढत. "आली गं माजी सुईवाली." सुनंदाने पाणी आणलं, पायाला पट्टी, चाल बरी. नवरा आतून आला. नाव श्रीरंग. माझ्याकडे बघून, "ह्या कोण?" रेणू म्हणाली, "माजी मावशी." मी गप्प.

रेणू बाजेवर बसली नाही. जमिनीवर, म्हातारीच्या समोर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, नाहीच बोलणार. मग सांगितलं. सगळं. गोधडी, हात, सुई सुनेची होती, चक्कर उपासाची नव्हती, अजून थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं. "आजी, माझ्याकडून चूक झाली. ती सुई तुमची न्हवती. ती तुमी पुन्ना घ्यायची न्हाई."

म्हातारी हसत होती, मग हसू तिथेच राहिलं आणि डोळे वेगळे झाले.

"तुला डॉक्टरनं शिकवून पाठवलं," भामाबाई म्हणाल्या. "सुई वाचवायला."

"न्हाई, आजी."

"मग माजं गुडघं कशानं हलकं झालं?"

रेणू म्हणाली, "तुमी तितं रोज खाटंवर झोपत व्हता. काम न्हाई, पाणी न्हाई, शेण न्हाई. त्यानं झालं."

"झोपून गुडघं बरं होत असतं व्हय?" म्हातारीने माझ्याकडे बघून विचारलं. मी ओठ मिटले. आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना पूर्ण म्हटली.

तेव्हा सुनंदा, जी इतका वेळ दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ती सासूला म्हणाली, "आत्या, परवा सुया कमी दिसल्या मला. म्या म्हणलं, माझंच काई चुकलं आसंल."

भामाबाई तिच्याकडे बघेनात. "घेतली थोडी," म्हणाल्या. "भाकर खाऊन घेतली. काय झालं? हाये की बसलेली."

रेणूने डोळे मिटले. तिचा हात म्हातारीच्या पायावर होता, तो तसाच राहिला. तिने सुनंदाला मडकं आणायला लावलं, नवी जागा दाखवली, वर, तुळईजवळच्या फळीवर, जिथे गुडघे दुखणारी बाई पोचणार नाही. सकाळी आणि संध्याकाळी भरलेली सुई सुनेच्याच हातात, रिकामी झाली की तिनेच डब्यात टाकायची. हे सगळं ती शांतपणे सांगत होती, तेवढ्यात श्रीरंग उठला.

"म्हंजे तुमी माझ्या आईला मारत व्हता, आन आमाला सांगितलं, उपास केला म्हणून झालं. आमी तिला आठ दिवस उपासावरून बोलतोय." त्याचा आवाज मोठा नव्हता. "मी त्या दिवशी तितंच व्हतो. डॉक्टरच्या पाया पडलो, आईला वाचवलं म्हणून."

रेणू म्हणाली, "व्हय. म्या बघितलं."

"आन गप्प बसली."

"व्हय."

तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, मारतो आता. मी पुढे सरकले. त्याने खुंटीवरचा शर्ट काढला, पुन्हा अडकवला. "उद्या येतो दवाखान्यात. समद्यांसमोर इचारतो."

"या," रेणू म्हणाली. "मी ड्युटीवर असते."

परतताना टमटममध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. तोंड उघडं, लहान मुलीसारखं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ज्वारी, ऊन उतरलेलं, लांबून थर्मलच्या चिमण्या, धूर सरळ वर जाणारा. मला तो प्रवास संपू नये असं वाटत होतं.


२२ डिसेंबर, सोमवार

रेणू गेली. वेणी घट्ट घातली होती. मी म्हटलं, मी येऊ? नको म्हणाली. मग म्हणाली, बाहेर बसा.

म्हणून हे फाटकाशी, युनूसभाईंच्या स्टुलावर बसून लिहितेय. धुकं अजून आहे. दवाखान्याचं दार उघडं, आत हिरवा पडदा, दिसत काही नाही. युनूसभाई पेरू पुसून पुसून रचतायत, काही विचारत नाहीत. त्यांना सगळं ठाऊक असणार.

मोटरसायकल आली. श्रीरंग. मागे भामाबाई, शाल गुंडाळून, त्याच्या खांद्याला धरलेल्या. मला वाटलं नव्हतं त्या येतील. तो गाडी उभी करून सरळ आत गेला, माझ्याकडे न बघता. त्या मागे राहिल्या. माझ्या शेजारी कट्ट्यावर येऊन बसल्या. थंडीने नाक लाल झालेलं.

मी विचारलं, गुडघे कसे आहेत?

"हायेत तसे," म्हणाल्या. "तिनं सांगितल्यापासून पुन्ना दुखायलेत."

युनूसभाईंनी दोघींना चहा मागवला. भामाबाई बशीत ओतून प्यायल्या. धुक्यात समोरून माणसं येत होती आणि जवळ आल्याशिवाय चेहरे कळत नव्हते.

आतून आवाज यायला लागला. आधी श्रीरंगचा. मग डॉक्टरचा, त्याहून मोठा. "कोणी सांगितलं तुम्हाला? ही? ही काल आलेली पोरगी?" मग आणखी दोघातिघांचे. मग रेणूचा, एकच वाक्य, "व्हय, मी सांगितलं." मग सगळं एकदम बंद.

भामाबाईंनी बशी खाली ठेवली. "त्यांला काय ठावं," म्हणाल्या. "सुई मला टोचली. इचारायचं मला." आणि उठल्या. मी हात पुढे केला, घेतला नाही. भिंतीला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, चढल्या.

पोरीच्या बाजूने बोलायला की विरुद्ध, मला माहीत नाही. चेहऱ्यावरून कळलं नाही.

पडदा बाजूला झाला, पुन्हा सरळ झाला. आत आवाज नाही.